शेवटच्या सत्रातील ग्रेड आणि खगोलशास्त्राची वाट

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एम.एस्सी. पदार्थविज्ञानाच्या चौथ्या सत्रासाठी ऐच्छिक विषय निवडण्याचे दिवस आले की खगोलशास्त्रात पीएच.डी. करू इच्छिणारी मुले माझ्याकडे येतात, आणि त्यांचा पहिला प्रश्न बहुधा एकच असतो : ‘सर, ग्रेड कोणत्या पेपरला चांगली मिळते?’ कोल्हापुरात पंचवीसहून अधिक वर्षे हा विषय शिकवून निवृत्त झालेल्या माझ्यासारख्या शिक्षकाला या प्रश्नाचे वाईट वाटते. दोष मुलांचा नाही. सीजीपीएची, म्हणजे सर्व सत्रांच्या एकत्रित सरासरी ग्रेडची, भीती आम्हीच त्यांच्या मनात घातली आहे.

काही वर्षांपूर्वी कागल तालुक्यातील एका विद्यार्थिनीने ऐच्छिक विषयाचा अर्ज माझ्या टेबलावरच भरला. आधी लिहिलेले ‘खगोलभौतिकी’ तिने पेनाने खोडले आणि मागच्या वर्षी ज्या पेपरला जवळजवळ सगळ्यांना ‘ओ’ ही सर्वोच्च ग्रेड मिळाली होती, त्याचे नाव वरच्या बाजूला बारीक अक्षरात लिहिले. मी तिला अडवले नाही, याची खंत मला आजही आहे. त्याच उन्हाळ्यात एका संशोधन संस्थेच्या मुलाखतीत तिला विचारण्यात आले की, पृथ्वीजवळ दर चौरस मीटरला सूर्याकडून सुमारे 1361 वॅट ऊर्जा येते, तर सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान किती असेल? सूर्याचे आपल्यापासूनचे अंतर त्याच्या त्रिज्येच्या साधारण 215 पट आहे. 215 चा वर्ग करून त्याला 1361 ने गुणले आणि पृष्ठभागाचे तापमान आणि त्यातून बाहेर पडणारी ऊर्जा यांचे नाते सांगणारा स्टीफन-बोल्ट्झमन नियम लावला, की उत्तर 5,770 केल्व्हिनच्या आसपास येते. नियम तिला तोंडपाठ होता, पण हातात खडू घेऊन सुरुवात कुठून करायची हेच तिला सुचले नाही, कारण अशी गणिते ज्या पेपरात रोज करून घेतली जातात, नेमका तोच तिने खोडला होता.

ज्या ग्रेडसाठी तिने हे केले, ती ग्रेड मुलाखतीच्या दिवशी लागलेलीसुद्धा नव्हती. आपल्याकडे जेस्टसारखी पीएच.डी.ची प्रवेश परीक्षा फेब्रुवारी-मार्चच्या सुमारास होते, मुलाखती उन्हाळ्यात होतात, आणि अंतिम वर्षाच्या विद्यार्थ्यांना प्रवेश मिळतो तो पुढे लागणाऱ्या निकालाच्या अटीवर. ती अटही बहुतेक ठिकाणी किमान 55 किंवा 60 टक्क्यांची असते. अमेरिकेतील विद्यापीठांचे अर्ज तर डिसेंबर-जानेवारीतच जातात आणि आर्थिक साहाय्यासह आलेल्या प्रवेशाला बहुतेक ठिकाणी 15 एप्रिलपर्यंत होकार-नकार कळवायचा असतो. चौथ्या सत्राची ग्रेड या सगळ्यानंतर येते.

म्हणून विद्यापीठाला आणि स्वायत्त महाविद्यालयांना माझी कळकळीची विनंती आहे की, चौथ्या सत्रात एक ऐच्छिक पेपर केवळ ‘उत्तीर्ण’ एवढ्या नोंदीवर, सीजीपीएत न धरता घेण्याची मुभा विद्यार्थ्यांना द्यावी. हा पर्याय सत्राच्या सुरुवातीलाच लेखी निवडावा लागेल, गुण पाहून नंतर बदलता येणार नाही, एवढे बंधन पुरेसे आहे. क्वांटम यांत्रिकी, विद्युतचुंबकत्व, सांख्यिकीय यांत्रिकी या मूळ विषयांना मात्र ही सवलत अजिबात नको. तिथे ग्रेड दिसली नाही तर निवड समितीच्या मनात शंका येणारच.

संस्था निवडतानाही मुले अशीच घाई करतात. पुणे जवळ म्हणून पुणे, एवढाच विचार होतो. आयुका ही खगोलशास्त्राची आणि एनसीआरए ही रेडिओ खगोलशास्त्राची, अशा दोन उत्तम संस्था पुण्यात आहेत हे आपले भाग्यच, पण पुढची पाच-सहा वर्षे आपण नेमके काय करणार आहोत, हे आधी ठरवायला हवे. रेडिओ खगोलशास्त्राची ओढ असेल तर खोडदची जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे, जिथे 45 मीटर व्यासाच्या 30 अँटेना आहेत, आणि ती एनसीआरएच चालवते. दृश्य प्रकाशातील निरीक्षणे करायची असतील तर नैनितालच्या एरीज या संशोधन संस्थेकडे देवस्थळची 3.6 मीटरची दुर्बीण आहे आणि बंगळूरच्या भारतीय ताराभौतिकी संस्थेची 2 मीटरची दुर्बीण लडाखमध्ये हानले येथे आहे. मार्गदर्शकही तितकाच पारखून घ्यावा. आपल्याच कोल्हापुरात जन्मलेल्या डॉ. जयंत नारळीकरांनी केंब्रिजमध्ये संशोधन केले ते खगोलशास्त्रज्ञ फ्रेड हॉईल यांच्या हाताखाली, आणि त्यांच्या पुढच्या कामावर त्या सहवासाची छाप कायम राहिली. तेव्हा मार्गदर्शक आठवड्यातून किती वेळा भेटतात, त्यांच्याकडची मुले किती वर्षांत प्रबंध सादर करतात, अर्ध्यावर सोडून कोण गेले, हे तिथे शिकणाऱ्या विद्यार्थ्यांना सरळ विचारावे. त्यात संकोच वाटण्याचे कारण नाही.

घरच्यांची पैशांची काळजीही मला समजते. पण पीएच.डी. करताना मिळणारी कनिष्ठ संशोधन अधिछात्रवृत्ती (जेआरएफ) 2023 पासून महिना 37,000 रुपये आहे, हे शेती किंवा छोट्या दुकानावर चालणाऱ्या घरांतील किती पालकांना ठाऊक असते?

पुढच्या ऐच्छिक विषयांचे अर्ज निघण्यापूर्वी अभ्यास मंडळाने या सूचनेवर चर्चा करावी. शिक्षक कमी आहेत म्हणून कुठे खगोलभौतिकीचा पेपर सुरू होत नसेल, तर तो विनामोबदला शिकवण्याची माझी तयारी आहे.

कळावे,
आपला,
एक निवृत्त पदार्थविज्ञान प्राध्यापक
राजारामपुरी, कोल्हापूर