मुक्ताच्या पहिल्या बीमटाइमच्या आधी

चि. मुक्ता,
अनेक आशीर्वाद.

दिल्लीच्या पेलेट्रॉनवर, आयनांना वेग देणाऱ्या त्या यंत्रावर, तुझ्या प्रयोगासाठी पाच दिवसांचा बीमटाइम मिळाला हे काल तू सांगितलंस आणि मला रात्रभर झोप लागली नाही. म्हणून पहाटेच लिहायला बसले.

लहानपणी तू विचारायचीस, "आई, रात्री तिथे काय करतेस गं?" मी "मशीन सांभाळते" म्हणून डबा उचलून निघायचे. ते उत्तर तेव्हाही मला अपुरं वाटायचं.

कुलाब्याचं आमचं पेलेट्रॉन १९८८ च्या अखेरीस सुरू झालं. उभी टाकी, आत विजेची ठिणगी पडू नये म्हणून सल्फर हेक्साफ्लुओराइड वायू, आणि मधोमध टर्मिनल, म्हणजे लाखो व्होल्टवर ठेवलेला भाग. त्याच्यावर विद्युतभार चढवते ती धातूच्या गोट्यांची, म्हणजे पेलेटची, साखळी. त्यांच्यावरूनच यंत्राचं नाव पडलं. माथ्यावरून ऋणभारित आयन सोडायचे. टर्मिनल त्यांना ओढून घेतं. तिथे कार्बनच्या पापुद्र्यातून जाताना त्यांचे इलेक्ट्रॉन झडतात, ऋणाचे धन होतात, आणि ज्याने ओढलं तेच टर्मिनल आता त्यांना खाली ढकलतं. टर्मिनलवर १२० लाख व्होल्ट असतील आणि ऑक्सिजनचा आयन ६ धनभार घेऊन निघाला, तर आधीचे १२ आणि नंतरचे ७२, मिळून ८४ एमईव्ही, म्हणजे ८४ दशलक्ष इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा. एकच व्होल्टेज दोनदा कामाला येतं! हे गणित मला पाठ होतं, तरी कॅमेऱ्याच्या पडद्यावर क्वार्ट्झवरचा आयनांच्या झोताचा, बीमचा, तो ठिपका पहिल्यांदा उजळला तेव्हा माझे डोळे भरून आले होते.

आता जे खरं सांगायचं आहे ते.

पीएच.डी.च्या तिसऱ्या वर्षी, रात्री तीनच्या शिफ्टला, स्पेक्ट्रमचं, म्हणजे डिटेक्टरने टिपलेल्या किरणांच्या ऊर्जेच्या आलेखाचं, वरचं टोक पडद्याबाहेर जातंय असं मला दिसलं. मी डिटेक्टरचा संकेत वाढवणाऱ्या अ‍ॅम्प्लिफायरचं बटण किंचित फिरवलं. चहा घेऊन आले की लॉगबुकात लिहीन, असं मनाशी म्हटलं. चहा झाला, पुढचं टार्गेट लागलं आणि लिहायचं राहिलं. चार महिन्यांनी विश्लेषणाला बसले, तर ऊर्जेची मोजपट्टी म्हणून वापरतो ती कोबाल्ट-६० ची १३३२ केईव्हीची रेषा प्रयोगाच्या सुरुवातीला एका चॅनेलवर, शेवटी भलत्याच. मधे कधी सरकली? वहीत काहीच नाही. ओळखीच्या रेषा धरून एकेक रन पुन्हा जुळवण्यात दोन महिने गेले. एका शिफ्टचा डेटा तर टाकूनच द्यावा लागला. त्या डेटासाठी आठ तास तिघं जण जागले होते. सरांना सांगायला गेले तेव्हा ते रागावले नाहीत. दुसऱ्या दिवशी त्यांनी लॉगबुकाला सुतळीने पेन बांधून ठेवलं.

म्हणून सांगते, हात लावलास की लगेच लिही. काही कळलं नाही तर तेही लिही, वेळेसकट. "०३:१०, काउंट रेट अचानक घसरला, कारण माहीत नाही" ही ओळ तुला पुढे उपयोगी पडेल.

बाकी थोडक्यात. डिटेक्टरमध्ये द्रव नायट्रोजन भरताना बांगड्या काढून ठेव, हातमोजे आणि चष्मा विसरू नकोस. उणे १९६ अंशांचं प्रकरण आहे. अंगावर किती किरणोत्सर्ग पडला ते मोजणारा टीएलडी बॅज कायम लावलेला हवा. बीम हॉल बंद करण्याआधी आत कुणी नाही ना, हे स्वतः फिरून बघ. घाईत दुसऱ्याच्या शब्दावर राहू नकोस. कंट्रोल रूममधल्या ऑपरेटरांशी मन लावून बोल. यंत्राची कुरकुर त्यांना आवाजावरून कळते आणि ते कुठल्याच शोधनिबंधात सापडत नाही. वेळ मिळाला तर त्यांचा लिनॅक, म्हणजे बीमचा वेग पुढे आणखी वाढवणारं यंत्रही बघून ये. त्यातले वेग देणारे रेझोनेटर आमच्याकडे तांब्याचे, वर शिशाचा थर; तिथले नायोबियमचे आहेत.

स्वेटर घे, एसी फार गार असतो. कुरियरने चिवडा पाठवलाय, सगळ्यांना पुरेल एवढा.

पहिली शिफ्ट रात्रीची आहे म्हणालीस. तीनच्या सुमारास मला अजूनही जाग येते. फोन कर.

तुझी,
आई