पिंजरा आडवा करणाऱ्या काकांना

तीर्थस्वरूप काकांना, शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर आभार मानायला गेलं की तुम्ही "बरं बरं, पाणी बदललंस का?" म्हणून विषय संपवता. म्हणून हे पत्र, आणि तेही चारचौघांत. गुहागरात बसून वाचाल तेव्हा मध्येच तोडता येणार नाही.

तुम्ही पहिल्यांदा आमच्याकडे आलात ते सोसायटीच्या टाकीची वर्गणी मागायला. चहा होईपर्यंत हॉलच्या कोपऱ्यातल्या, आमच्या झेब्रा फिंच पक्ष्यांच्या पिंजऱ्यापाशी उभे राहिलात, न विचारता आत हात घातलात, दाण्यांची वाटी काढलीत आणि खिडकीशी नेऊन तिच्यावर फुंकर मारलीत. टरफलंच टरफलं उडाली. तळाला राळ्याचे चार-पाच दाणे उरले होते. मी रोज सकाळी ती वाटी 'भरलेली' बघून निश्चिंतपणे डोंबिवलीची फास्ट पकडत होते! फिंच दाणा सोलून खातो आणि टरफल तिथेच टाकतो, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं. बारा-पंधरा ग्रॅमचा जीव, त्याला एका दिवसाचाही उपास झेपत नाही. तुम्ही रागावला नाहीत, फक्त "राळा कुठे ठेवलायस?" एवढंच विचारलंत. त्या रात्री मला झोप लागली नाही.

दुकानदाराने घुमटाचा गोल पिंजरा "दोन जोड्या आरामात राहतील" म्हणत माझ्या गळ्यात मारला होता. मग मी आपल्या परीने शहाणपण करून साडेचार फूट उंच आणि जेमतेम दीड फूट रुंद असा मनोराच आणला. तो बघून तुम्ही म्हणालात, "अगं, ही काय हेलिकॉप्टरं आहेत सरळ वर जायला?" फिंच आडवा उडतो, या फांदीवरून त्या फांदीवर. उंची त्याच्या काही कामाची नाही. चारही जण सगळ्यांत वरच्या दांडीसाठी भांडत बसतात आणि खालचा सगळा पिंजरा ओस पडतो. मी त्या भांडणांना 'मस्ती' समजत होते.

"पिंजरा आडवा करू." तुमचं हे वाक्य मला आधी थट्टाच वाटलं. पण रविवारी सकाळी तुम्ही पक्कड, बाइंडिंग वायर आणि पेरूच्या फांद्यांची मोळी घेऊन हजर! एस.टी.च्या वर्कशॉपमध्ये जन्म काढलेल्या माणसाला पिंजरा म्हणजे काय, बसच्या मानाने खेळणंच. मनोरा कुशीवर झोपवला तसा साडेचार फूट लांब झाला. दार आता खालून वर उघडायचं आणि हात सोडला की धाडकन मिटायचं, त्याला तुम्ही आकडा लावलात. तळाचा ट्रे भिंतीसारखा उभा राहिला, म्हणून पत्रेवाल्याकडून साडेचार फुटी नवा वाकवून आणलात.

मग सफाई. झोपाळा काढला, शिडी काढली, आरसा, घंटा आणि मुलाने हौसेने बांधलेली प्लास्टिकची फुलं, सगळं काढलं. मुलाचा चेहरा पडला तेव्हा तुम्ही त्याला विचारलंत, "तुझ्या क्रिकेटच्या पिचवर मी सोफा आणून ठेवला तर?" एका टोकाला दोन फांद्या, दुसऱ्या टोकाला दोन, कुठे बोटाएवढ्या तर कुठे पेन्सिलीएवढ्या, म्हणजे पायाची पकड बदलत राहते. मधे काही नाही. पाण्याची वाटी कुठल्याच फांदीखाली येणार नाही अशी ठेवलीत. कारण मला लगेच कळलं, शिटं काढून काढून हात दुखले होते.

पक्षी आत सोडले. दहा मिनिटं काहीच नाही. गालावर नारिंगी ठिपका असलेला मोठा नर फांदीच्या टोकाशी सरकला, मान वाकडी करून मधली मोकळी जागा बघितली, परत मागे सरला. मग एकदम गेला. पंखांचा फर्रर आवाज, पलीकडची फांदी हलली, आणि तो उतरल्या उतरल्या फिरून परत आला. काका, तोवर मी त्यांना उड्या मारतानाच पाहिलं होतं, उडताना नाही. तुम्ही स्टुलावर बसून होतात. काही बोलला नाहीत, फक्त चष्मा काढून पुसलात.

जागाही तुम्हीच बदलायला लावलीत. मी पिंजरा स्वयंपाकघराच्या दाराशी ठेवला होता, गार हवा येते म्हणून. रिकामा नॉनस्टिक तवा जास्त तापला तर त्याच्या वाफेने पक्षी मिनिटांत मरू शकतात, हे तुमच्याकडूनच कळलं. आता तो आतल्या भिंतीला पाठ लावून आहे, पंख्यापासून लांब. टेबलाचे पाय पाण्याच्या वाट्यांत, नाहीतर आमच्याकडच्या मुंग्या पिंजराच उचलून नेतील. सासूबाईंनी गणपतीत धूप बाल्कनीत नेला, हे श्रेय मात्र माझं. आणि दिवेलागणीला त्यांचा दिवस संपला पाहिजे हा तुमचा नियम. अकरापर्यंत टीव्हीच्या उजेडात त्यांना जागवणं बंद झालं. झिरोचा बल्ब तेवढा असतो, कारण लाइट गेल्यावर अंधारात एक जण घाबरून जाळीवर आपटला की बाकीचेही आपटतात.

आता त्या रात्रीबद्दल. मादीने लागोपाठ तिसऱ्यांदा अंडी घातली होती आणि मी आनंदाने सगळ्यांना फोटो पाठवत होते. मग ती पिंजऱ्याच्या तळाशी पिसं फुलवून, डोळे मिटून बसलेली दिसली. रात्री साडेदहाला तुमची बेल वाजवली. तुम्ही बनियनवरच आलात, तिला तळहातावर घेतलंत, पोटाला नुसतं बोट टेकवून बघितलंत. अंडं अडकलं होतं. चपलांच्या खोक्याला भोकं पाडून, रुमालात गुंडाळलेली गरम पाण्याची बाटली एका कडेला ठेवून, चोचीच्या कडेला कॅल्शियमचा थेंब. "पोट दाबायचं नाही, अंडं आत फुटलं तर संपलं, सकाळी डॉक्टरकडे जाऊ," म्हणत पहाटेपर्यंत तुम्ही बसलात. साडेचारला अंडं बाहेर आलं, कवच नसल्यासारखं मऊ. ती वाचली. सगळ्याच वाचत नाहीत, हे तुम्ही मला मागाहून, फार हळू सांगितलंत.

दुसऱ्या दिवशी घरटी निघाली, काथ्याही निघाला, रोजचं उकडलेलं अंडं आठवड्यातून एकदाच झालं. घरटं आणि असं पौष्टिक खाणं मिळालं की मादी अंडी घालतच राहते, अंगातलं कॅल्शियम संपेपर्यंत. तुमच्या समुद्रफेनाचा, म्हणजे माकलीच्या आतल्या कॅल्शियमच्या हाडाचा, तुकडा तेव्हापासून जाळीला कायम अडकवलेला आहे.

तुमच्यावर मी एकदाच रुसले होते. बाजारात एक जण लाल-हिरव्या रंगात बुडवलेल्या मुनिया विकत होता, मला त्यांची दया आली आणि मी एक जोडी आणायचं म्हटलं. तुम्ही कडक आवाजात "नाही" म्हणालात. आपल्या रानातल्या मुनिया पाळणं 1972च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, आणि दयेपोटी एक जोडी घेतली की तो आणखी दहा पकडतो. आपले झेब्रा फिंच मूळचे ऑस्ट्रेलियातले, पिढ्यान्‌पिढ्या पिंजऱ्यातच वाढलेले, त्यांची गोष्ट वेगळी. तेव्हा पटलं नव्हतं. आता मीच दुसऱ्यांना सांगते.

तुम्ही गावी गेल्यावर मी सहा फुटी पिंजरा करून घेतला. अॅल्युमिनियमचा चौकोनी पाइप, अर्ध्या इंचाची जाळी. जाळीवरच्या जस्ताच्या थराला पक्षी चोच मारतात आणि जस्त त्यांना विषारी, म्हणून व्हिनेगर आणि ब्रशने घासून गच्चीवर चार दिवस उन्हात टाकली. फॅब्रिकेशनवाला म्हणाला, "ताई, उभा करून देऊ, जागा वाचेल." मी त्याला हेलिकॉप्टरचं सांगितलं.

या वर्षी एकदाच घरटं ठेवलं. तीन पिल्लं आहेत, चोची काळ्यांच्या आता लाल व्हायला लागल्यात. एक नर दुपारी कोपऱ्यात बसून बापाचं गाणं पुटपुटतो, पहिले दोन सूर बरोबर येतात, मग सगळी चाळण होते.

दिवाळीला याल तेव्हा किनाऱ्यावरचं समुद्रफेन आणा, खारटपणा काढायला मी भिजत घालीन. पाणी बदललंय.

तुमची,
दुसऱ्या मजल्यावरची