कुंडीच्या तळाची खडी काढा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की पुरवण्यांमधून आणि नर्सऱ्यांच्या फलकांवरून कुंडी भरायची एक कृती हमखास फिरू लागते. तळाशी खापराचे तुकडे, त्यावर दोन इंच खडी आणि मग माती. पाणी झटकन निघून जावे हा हेतू. प्रत्यक्षात नेमके उलट होते, आणि जुलै-ऑगस्टमध्ये गच्चीवरची तुळस, गुलाब, अडेनियम पटापट माना टाकतात त्यात या खडीचा वाटा मोठा असतो.

मातीच्या बारीक छिद्रांत केशाकर्षणाने धरलेले पाणी खालच्या मोठ्या पोकळ्यांत आपणहून उतरत नाही. माती गच्च भिजून आणखी पाणी मावेनासे झाले, की मगच ते खडीत ठिबकते. कुठलीही कुंडी निथळून थांबली तरी तळाशी चिंब मातीचा एक थर उरतोच. खडी घातली की तोच थर दोन इंच वर सरकतो आणि मुळांना श्वास घ्यायला मिळणारी जागा तेवढी घटते. पटत नसेल तर भांडी घासायचा स्पंज भिजवून आडवा धरा, निथळू द्या आणि मग उभा करा. उंची वाढल्यामुळे आणखी पाणी गळेल. त्याच कारणाने एकाच मातीत उंच कुंडी पसरट ट्रेपेक्षा हवेशीर राहते. तळाला खडी नको, भोकांवर नायलॉनच्या जाळीचा तुकडा पुरे. माती वाहून जात नाही आणि पाणीही अडत नाही.

खरा इलाज मिश्रणात आहे. मुंबई-ठाणे, कोकण, गोवा या पट्ट्यासाठी तांबडी माती 3 घमेली, पूर्ण कुजलेले शेणखत किंवा कंपोस्ट 3, भिजवून धुतलेले कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) 2 आणि विटांचा चाळलेला चुरा 2 असे प्रमाण धरावे. चुऱ्याचा दाणा ज्वारीपासून हरभऱ्याएवढा असावा, खालची धूळ फेकून द्यावी. विटांच्या जागी करपवून काळे केलेले भाताचे तूस चालते. कच्चे तूस मात्र कुजताना मातीतले नत्र खाते आणि पाने पिवळी पडतात. प्लास्टरची बारीक वाळू घालून माती ‘मोकळी’ करायला गेलात तर ती उरलेली छिद्रेही बुजवते. समुद्राच्या वाळूचे तर नावच नको, तिच्यात मीठ असते. कोकोपीटच्या विटेतही क्षार असतात, म्हणून ती भिजवून दोन-तीनदा पाणी बदलून पिळून घ्यावी.

काळ्या मातीचा मोह अनेकांना सुटत नाही. शेतात कापूस-ज्वारी पोसणारी ही माती कुंडीत भिजली की फुगून चिकट गोळा होते, वाळली की आक्रसून कुंडीच्या कडेपासून सुटते. दुसरी मातीच मिळत नसेल तर मिश्रणाच्या पाचव्या हिश्शाहून अधिक घेऊ नये. शेणखत अर्धेकच्चे असेल तर त्यातून हुमणीच्या पांढऱ्या अळ्या येतात आणि मुळे कुरतडतात. खत ताडपत्रीवर पातळ पसरून उन्हात तापवावे, चाळावे, दिसतील त्या अळ्या वेचाव्यात. बारा इंची कुंडीला एक मूठ निंबोळी पेंड पुरते.

मिश्रण जमले का हे पाहायची परीक्षा सोपी आहे. कुंडी भरून एकदा भरपूर पाणी द्या, माती बसू द्या आणि मग वरून लिटरभर पाणी ओता. मिनिटभरात ते दिसेनासे होऊन तळातून धार लागली तर उत्तम. वर पाच मिनिटे तळे राहत असेल तर चुरा वाढवून पुन्हा भरा. रोप लावल्यानंतर ही दुरुस्ती करणे फार जिकिरीचे.

बारा इंची कुंडीला बोटाच्या जाडीची चार-पाच भोके हवीत. रंगाचे रिकामे डबे वापरणाऱ्यांनी तापवलेल्या सळईने तळाला भोके पाडावीतच, शिवाय तळापासून बोटभर उंचीवर बाजूलाही चार पाडावीत. सपाट तळ फरशीला टेकला की खालची भोके बंद होतात. कुंडी विटांच्या तुकड्यांवर इंचभर उचलून ठेवावी. गच्चीचे वॉटरप्रूफिंग वाचते आणि भोकातून मुळे फरशीच्या सांध्यात शिरत नाहीत. पावसाळ्यात खालच्या ताटल्या काढूनच टाका. साचलेल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास आठवड्या-दीड आठवड्यात अंड्यापासून उडण्यापर्यंत पोचतो. पालिकेचे लोक दरवर्षी जिने चढून तेच सांगतात.

रोपाच्या मानाने फार मोठी कुंडी हीही पावसाळ्यातली चूक. चार इंची पिशवीतले रोप सरळ चौदा इंची कुंडीत लावले, तर भोवतालच्या मातीतले पाणी शोषायला मुळेच नसतात आणि ती माती आंबते. आधी आठ इंची घ्या, ती मुळांनी भरली की मोठी.

मुळे कुजू लागल्याचे लक्षण फसवे असते. माती ओली असूनही पाने मलूल होतात, खालची पिवळी पडतात. झाड तहानलेले समजून लोक आणखी पाणी घालतात. अशा वेळी दोन इंच खोल बोट घालून पाहावे. ओले लागले आणि वास नासका आला तर झाड मातीच्या गोळ्यासकट बाहेर काढा. धडधाकट मुळे पांढरी किंवा फिकट आणि टणक असतात. कुजलेली तपकिरी पडतात आणि ओढली की त्यांची साल निसटून हातात येते. ती स्वच्छ कात्रीने छाटा, गोळा रात्रभर सावलीत जुन्या वर्तमानपत्रांवर ठेवा (आपल्या अंकाचाही असा उपयोग होतो, राग नसावा). मग नव्या मिश्रणात, शक्यतो लहान कुंडीत लावा आणि झाडाचा वरचा तिसरा हिस्सा छाटून टाका. नवी पालवी दिसेपर्यंत खत देऊ नये. उरलेल्या मुळांना ते झेपत नाही.

खतांच्या घरगुती उपायांबद्दलही थोडे. चहाचा चोथा दूध-साखरेसकट कुंडीत टाकला की बुरशीची साय धरते, वरून हवा कोंडते आणि मुंग्या येतात. याच मुंग्या जास्वंदीवरच्या पिठ्या ढेकणांना (रस शोषणाऱ्या पांढऱ्या, कापसासारख्या किडीला) जपतात, कारण या किडीचा गोड स्राव मुंग्यांना हवा असतो. चोथा धुऊन, वाळवून कंपोस्टच्या डब्यात घालावा. अंड्याची टरफले अख्खी खोचून काहीच मिळत नाही. मिक्सरमध्ये पीठ केले तरी त्यातला चुना सावकाशच विरघळतो. पिठ्या ढेकूण आलेच तर आधी पाण्याच्या जोरदार फवाऱ्याने धुवा. मग 5 मिली कडुनिंबाच्या तेलात 2 मिली भांडी धुण्याचे द्रव साबण घोटून, ते लिटरभर कोमट पाण्यात मिसळून संध्याकाळी पानांच्या खालच्या बाजूने फवारा. साबण आधी तेलात घोटला नाही तर तेल वर तरंगते आणि जिथे पडेल तिथे पान भाजते. द्रावण त्याच दिवशी संपवावे, आठवड्याने पुन्हा फवारावे. पाऊस लागून राहिला असेल तर फवारणीच्या भानगडीत पडू नये, तासाभरात सगळे धुऊन जाते.

सांताक्रूझला एकट्या जुलैत सरासरी 800 मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. एवढ्या पाण्यात विरघळणारे नत्र कुंडीत टिकत नाही. म्हणून जूनमध्ये एकदम भरघोस खत घालण्यापेक्षा दर पंधरा दिवसांनी, उघडीप पाहून मूठ-मूठ कंपोस्ट द्यावे. अडेनियम आणि निवडुंग मात्र छताखालीच हवेत.

नागपूर-चंद्रपूरकडच्या मे महिन्याला हे मिश्रण फार कोरडे पडेल. तिथे चुरा एक घमेले, कोकोपीट तीन आणि वर दोन इंच पालापाचोळ्याचे आच्छादन हवे. कोकोपीट एकदा खडखडीत वाळले की पाणी त्यात न शिरता कडेने सरळ खाली निघून जाते आणि पाणी दिल्याचा नुसता भास होतो. अशी कुंडी बुडबुडे थांबेपर्यंत बादलीभर पाण्यात ठेवावी लागते. आपल्या पुरवणीत यापुढे कुंडी भरायची कृती छापताना ती कुठल्या भागासाठी आणि किती इंची कुंडीसाठी आहे, एवढे दोन शब्द जोडावेत, ही विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे