पाचवीची परीक्षा आणि तिसरीतले वाचन

महोदय,

२०२३-२४ पासून राज्यात इयत्ता पाचवी व आठवीची वार्षिक परीक्षा घेतली जाते आणि पुनर्परीक्षेतही अनुत्तीर्ण होणाऱ्या विद्यार्थ्याला त्याच वर्गात ठेवले जाते. वाचता न येणारे मूल वर्षानुवर्षे पुढे ढकलले जाऊ नये, हा हेतू रास्तच आहे. मात्र वाचनातली उणीव हेरण्यासाठी पाचवीपर्यंत थांबणे म्हणजे फार उशीर, आणि त्यासाठी लेखी परीक्षा हे साधनही अपुरे.

२०२४ च्या ‘असर’ या ग्रामीण शिक्षणाच्या पाहणी अहवालानुसार देशाच्या ग्रामीण भागातील सरकारी शाळांतल्या तिसरीच्या मुलांपैकी दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणारी मुले सुमारे २३ टक्केच होती. उत्तरपत्रिकेत हे दिसत नाही. पुस्तकातला धडा घडाघडा म्हणणाऱ्या मुलापुढे अनोळखी चार ओळी ठेवल्या, की ते अक्षराखाली बोट ठेवून चाचपडते, रफार सोडून देते, जोडाक्षरापाशी अडते आणि पुढचा शब्द अंदाजाने ठोकून देते. असे मूल पाठ केलेल्या प्रश्नोत्तरांवर उत्तीर्ण होऊ शकते, तर चांगले वाचणारे पण गणितात कच्चे असलेले मूल मागे राहू शकते.

शिवाय जिल्हा परिषदेच्या अनेक शाळा चौथीपर्यंतच आहेत. पाचवीला मूल दुसऱ्या शाळेत जाते आणि आधीच्या चार वर्षांची थकबाकी नव्या गुरुजींच्या नावावर चढते.

नापास करण्याच्या समर्थनार्थ अमेरिकेतील मिसिसिपी राज्याचा दाखला दिला जातो. तेथे २०१३ च्या कायद्याने तिसरीच्या अखेरीस वाचनाची कसोटी लावली, आणि चौथीच्या राष्ट्रीय वाचन चाचणीत तळाशी असलेले ते राज्य २०२४ पर्यंत पहिल्या दहांत आले. परंतु त्याच कायद्यानुसार बालवर्गापासून मुलांचे वाचन वर्षातून अनेकदा तपासले जाते, पालकांना वेळीच कळवले जाते आणि कमकुवत शाळांत वाचन-मार्गदर्शक पाठवले जातात. आपल्याकडे नापास झाल्यावर दोन महिन्यांत पूरक मार्गदर्शन व पुनर्परीक्षा, तीही उन्हाळी सुटीच्या तोंडावर!

तेव्हा शासनाने दुसरी व तिसरीत प्रत्येक मुलाचे प्रकट वाचन सत्रातून एकदा तपासावे, मागे पडलेल्यांसाठी शाळेच्या वेळेतच रोज एक तास राखून ठेवावा (मतदारयाद्यांच्या कामातून शिक्षकांची सुटका झाली, तर तो सापडेलही) आणि अशी मदत मिळाल्याची नोंद नसलेल्या मुलाला पाचवीत रोखू नये, अशी विनंती आहे.

– एक निवृत्त शिक्षिका, सातारा