भंगारवाल्याला वगळून ई-कचऱ्याचा नियम चालायचा नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

ई-कचऱ्याच्या बातम्या छापून येतात त्या बहुतेक मुंबई-पुण्याच्या, फार तर नागपूरच्या. वाचणाऱ्याला वाटावं की हा मोठ्या ऑफिसांचा आणि आयटी कंपन्यांचा प्रश्न आहे. आमच्या दारव्हा तालुक्यात भंगाराच्या कोणत्याही काट्यावर जाऊन पाहा. बॅटरीवरचे फवारणी पंप, रानडुकरं आणि रोह्यांपासून (नीलगायींपासून) पीक राखणाऱ्या झटका मशिनी, कूलरच्या जळलेल्या मोटारी, इन्व्हर्टर, पाठीमागे फुगीर काच असलेले जुने टीव्ही, डिशचे डबे, बोअरच्या मोटारीचे स्टार्टर. हा सगळा शेतकऱ्याच्या घरातला माल आहे.

मी मोटार रिवायंडिंगचं, म्हणजे जळलेल्या मोटारीत तांब्याची तार नव्याने गुंडाळायचं काम करतो, त्यामुळे तांब्याचा व्यवहार मला जवळून माहीत आहे. गावात फेरीवाला येतो. कुणी रोख देतो, कुणी जुन्या मोबाइलच्या बदल्यात प्लास्टिकचा टब किंवा स्टीलचा डबा देतो. त्याच्याकडून माल तालुक्याच्या व्यापाऱ्याकडे आणि तिथून मोठ्या शहरातल्या ठोक बाजारात जातो. सर्किटच्या प्लेटींचा मोठा धंदा दिल्लीच्या सीलमपूरला आणि उत्तर प्रदेशात मुरादाबादला चालतो. मुरादाबादला तर रामगंगेच्या काठावर प्लेटी जाळून त्यांची राख नदीच्या पाण्यात धुतात आणि तांबं वेगळं करतात.

पण सगळाच माल पुढे जात नाही. बरंचसं काम गावाबाहेर, नाल्याच्या काठीच उरकलं जातं. वायरवरचं प्लास्टिक पीव्हीसीचं असतं. ते उघड्यावर जाळलं की डायॉक्सिनसारखी विषारी द्रव्यं तयार होतात आणि तो धूर जाळणाऱ्याच्याच छातीत जातो. बॅटरी फोडून ॲसिड जमिनीवर ओततात. आतल्या शिशाची पूड हातांना, कपड्यांना लागून घरापर्यंत येते. शिशाची सुरक्षित म्हणावी अशी कोणतीही पातळी नाही, असं जागतिक आरोग्य संघटना स्पष्ट सांगते, आणि त्याचा सर्वात मोठा घात लहान मुलांच्या मेंदूवर होतो. याच संघटनेने २०२१ च्या अहवालात जगभरात १ कोटी २९ लाख बाया असंघटित कचरा-कामात असल्याचं म्हटलं आहे. त्यातल्या कितीतरी गरोदर असण्याच्या वयाच्या आहेत. आमच्याकडेही तार सोलायला आणि प्लास्टिक निवडायला घरच्या बाया आणि पोरंच बसतात.

लोक विचारतात, ही माणसं तार जाळतात कशाला? जळलेलं तांबं काळं पडतं आणि त्याला सोललेल्या चकचकीत तांब्यापेक्षा भाव कमी मिळतो. हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं. पण बारीक तार हाताने सोलायला दिवस मोडतो आणि संध्याकाळच्या किराण्याला पैसे आजच लागतात. तार सोलायचं हातयंत्र असतं, ते काही फार महाग नाही. मात्र रोजच्या कमाईवर जगणाऱ्या माणसाला तेही एकदम घेणं जमत नाही.

आता नियमाकडे येतो. केंद्राचे ई-कचरा (व्यवस्थापन) नियम, २०२२ हे १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. उत्पादक कंपन्यांनी आपण पूर्वी विकलेल्या मालाच्या ठराविक टक्के इतक्या ई-कचऱ्याची पुनर्प्रक्रिया झाल्याची प्रमाणपत्रं नोंदणीकृत कारखान्यांकडून घ्यायची, असा त्याचा गाभा आहे. पहिल्या दोन वर्षांसाठी ६० टक्के, पुढची दोन वर्षं ७० आणि २०२७-२८ पासून ८० टक्के. पण २०१६ च्या नियमांत संकलन केंद्र आणि सुटे भाग करणारा यांना स्वतंत्र जागा होती. नव्या नियमांत नोंदणी फक्त निर्माता (माल बनवणारा कारखाना), उत्पादक (आपल्या ब्रँडखाली माल विकणारी कंपनी), दुरुस्ती करून पुन्हा विकणारा आणि पुनर्प्रक्रिया करणारा या चौघांची. माल दारोदार फिरून गोळा करणारा यात कुठेच नाही. बॅटऱ्यांसाठी २०२२ चे वेगळे नियम आहेत, गोळा करणाऱ्याची अडचण तिथेही तीच.

२०२४ मध्ये सरकारने घरगुती इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी कंपन्यांनी पुनर्प्रक्रिया करणाऱ्याला किलोमागे किमान २२ रुपये द्यावेत असं ठरवलं, आणि काही मोठ्या कंपन्या त्याविरुद्ध दिल्ली उच्च न्यायालयात गेल्या. त्या २२ रुपयांतला किती वाटा गावात फिरणाऱ्यापर्यंत पोचेल, यावर कुठेच चर्चा झालेली दिसत नाही. मला हाच प्रश्न सर्वात महत्त्वाचा वाटतो. गोळा करणाऱ्याला भाव मिळाला नाही तर माल कारखान्याच्या दारात येणारच नाही, मग प्रमाणपत्रं कितीही छापा.

काही जण म्हणतात, छापे घाला, काटे बंद करा. हे मला मुळीच पटत नाही. घानामध्ये अक्रा शहरातला अगबोगब्लोशीचा भंगारबाजार २०२१ मध्ये उठवला, तेव्हा काम थांबलं नाही, आजूबाजूला पांगलं. आमच्याकडे छापे पडले तर तार गावाजवळ जळायची ती जंगलात जळेल, एवढाच फरक.

याच २०२२ च्या नियमांत राज्याच्या कामगार विभागाने सुटे भाग करणाऱ्या आणि पुनर्प्रक्रियेतल्या कामगारांची नोंदणी करावी, त्यांना प्रशिक्षण द्यावं, त्यांच्या आरोग्य-सुरक्षेवर देखरेख ठेवावी, आणि उद्योग विभागाने या कामासाठी शेड-जागा राखून ठेवावी, असं लिहिलेलं आहे. आमच्या तालुक्यात याचा मागमूस नाही. म्हणून माझी मागणी साधी आहे. प्रत्येक तालुक्याच्या बाजारगावी एक शेड द्या. तिथे तार सोलायची दोन-तीन यंत्रं ठेवा, हातमोजे द्या, आणि न फोडलेली बॅटरी, न जाळलेली तार व आख्खा फ्रीज यांना काट्यावरच्या भावापेक्षा थोडा जास्त भाव रोख द्या. तो वरचा पैसा उत्पादक कंपन्यांकडून यावा. शेड बचत गटाकडे चालवायला द्यावी, म्हणजे आज नाल्याकाठी विषारी धूर आणि पूड अंगावर घेणाऱ्या बायांना तिथे रोजी मिळेल. नोंदणीकृत कारखान्याने महिन्यातून एकदा गाडी पाठवून माल उचलावा.

कामगार विभागाने यवतमाळ जिल्ह्यात आजवर अशा किती कामगारांची नोंदणी केली, तो आकडा आपल्या दैनिकाने विभागाकडे मागावा आणि तालुकावार छापावा, ही विनंती.

आपला वाचक,
एक रिवायंडिंग कारागीर
ता. दारव्हा, जि. यवतमाळ