पेन माझ्या हाती दिल्याबद्दल

आदरणीय सर,

कृष्णविवरात पडलेल्या वस्तूची माहिती कायमची नष्ट होते का, हा प्रश्न मी आपल्याआधीही काही जाणकारांना विचारला होता. एकांनी 'हा भाग परीक्षेला नसतो' एवढ्यावर मला वाटेला लावले, तर दुसऱ्या महोदयांनी व्यासपीठावरून माया आणि ब्रह्म यांचा हवाला देऊन टाळ्या मिळवल्या.

आपल्या व्याख्यानाच्या वेळी तोच प्रश्न विचारला, तेव्हा आपण निमंत्रणपत्रिका पालथी केलीत, स्वतःचे पेन माझ्या हाती दिलेत आणि म्हणालात, "आकडे तुम्हीच मांडा." सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराची त्रिज्या सुमारे ३ किलोमीटर, म्हणून घटनाक्षितिजाचे, म्हणजे जिथून परतणे अशक्य त्या सीमेचे, क्षेत्रफळ साधारण ११ कोटी चौरस मीटर, त्याला प्लांक क्षेत्रफळाच्या, म्हणजे पुंजभौतिकीतील अतिसूक्ष्म मूळ क्षेत्रफळाच्या, चौपटीने भागले की बोल्ट्समन स्थिरांकाच्या एककात एंट्रॉपी, म्हणजे आत दडलेल्या माहितीचे माप, येते ती १०च्या ७७ व्या घाताच्या घरात, आणि आजच्या सूर्याची मात्र १०च्या ५८ व्या घाताच्या आसपास! उणे घातांकापाशी माझा भागाकार अडला, तरी आपण पेन परत मागितले नाहीत, नुसते थांबलात. त्या थांबण्याचे मोल मला शब्दांत सांगता येत नाही.

कृष्णविवराची एंट्रॉपी घनफळावर नव्हे, क्षेत्रफळावर अवलंबून असते हे भौतिकशास्त्रज्ञ बेकेनस्टाइन यांनी विद्यार्थिदशेत मांडले, तेव्हा स्टीफन हॉकिंग यांचा त्याला विरोध होता. पण १९७४ मध्ये त्यांच्याच गणिताने कृष्णविवराला तापमान असल्याचे दाखवून बेकेनस्टाइन यांना खरे ठरवले. पुढे माहिती नष्ट होते या बाजूने लावलेली पैजही हॉकिंग यांनी २००४ मध्ये डब्लिनला हरल्याचे मान्य केले आणि पैजेतले प्रतिपक्षी भौतिकशास्त्रज्ञ प्रेस्किल यांना बेसबॉलचा ज्ञानकोश दिला. एवढ्या मोठ्या माणसाला जाहीरपणे मत बदलता येते, आणि आमच्याकडे मात्र साध्या शंकेनेही पुष्कळांचा मान दुखावतो.

आपल्या शिरपूरच्या भौतिकशास्त्रज्ञ अभय अष्टेकरांनी हीच एंट्रॉपी अवकाशाच्या पुंजरचनेतून, म्हणजे त्याच्या सूक्ष्म कणीदार रचनेतून, मोजण्याचा मार्ग दाखवला, हेही आपण सांगितलेत. माहिती बाहेर येत असावी असे २०१९ नंतरची गणिते सुचवतात, परंतु कृष्णविवराच्या तापमानामुळे बाहेर पडणाऱ्या प्रारणात ती नेमकी कशी उतरते यावर आपण सरळ म्हणालात, "हे मलाही ठाऊक नाही." त्या महोदयांच्या भाषणाला उभे राहायला जागा नव्हती आणि आपल्या व्याख्यानाला निम्म्या खुर्च्या रिकाम्या होत्या, याचा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही.

आपली कृतज्ञ,
एक श्रोती