ढकलण्याआधी

चि. सई,
अनेक आशीर्वाद.

सोकोबान या पेट्या ढकलण्याच्या खेळाची पहिलीच लेव्हल अडली आहे आणि सारखं अन्डूचं, म्हणजे चाल मागे घेण्याचं, बटण दाबावं लागतं, असं तू कळवलंस. सहा पेट्या, उजवीकडे लांब बोळ आणि त्याच्या टोकाला खोली, म्हणजे एक्ससोकोबान या ९० लेव्हलच्या संचातली ती पहिली. क्रमांक एक असला तरी ती सोपी नाही, त्यामुळे अडलीस याचं वाईट वाटून घेऊ नकोस. उत्तर सांगत नाही. पण ती कशी बघायची ते सविस्तर लिहितो, कारण हा खेळ मला मनापासून आवडतो आणि तुलाही त्याची गोडी लागावी असं वाटतं.

हा खेळ जपानच्या हिरोयुकी इमाबायाशी यांनी १९८१ साली तयार केला आणि १९८२ मध्ये थिंकिंग रॅबिट या त्यांच्या कंपनीने तो बाजारात आणला. नियम अगदी थोडे आहेत. गोदामातला माणूस चार दिशांना एकेक घर चालतो, पेटी पुढे ढकलतो, ओढू मात्र शकत नाही. एका वेळी एकच पेटी सरकते. सगळ्या पेट्या खुणेच्या घरांत गेल्या की लेव्हल संपली. घड्याळ नाही, शत्रू नाही, नशिबाचा भाग तर मुळीच नाही. जे अडतं त्याचं कारण समोर पटावर मांडलेलं असतं.

आता मुख्य गोष्ट. चालणं आणि ढकलणं या दोन वेगळ्या जातीच्या कृती आहेत. चालणं फुकट असतं, कारण गेलेल्या वाटेने परत येता येतं. ढकलण्याचं तसं नाही. पेटी डावीकडून उजवीकडे एक घर सरकवली, तर ती मागे आणायला तुला तिच्या उजव्या बाजूला जाऊन उभं राहावं लागेल. तिथे पोचायला वाट आहे का, आणि उभं राहायला घर मोकळं आहे का? दोन्हींपैकी एकाचंही उत्तर ‘नाही’ असेल तर ती ढकल कायमची, किंवा दुसरी एखादी पेटी हलेपर्यंत तरी कायमची. म्हणून ढकलण्याआधी बोट उचलून एवढाच प्रश्न विचारायचा: ही पेटी परत आणता येईल का? येत असेल तर बिनधास्त ढकल. येत नसेल तर ती नेमकी जिथे हवी तिथेच चालली आहे याची खात्री करून मग ढकल.

पेटी कुठे मरते ते ओळखता आलं की निम्मा त्रास संपतो. खुणेचं घर नसलेला कोपरा म्हणजे पेटीचा शेवट, हे तुझ्या लक्षात आलंच असेल. भिंतीचं प्रकरण जरा फसवं आहे. पेटी भिंतीला चिकटली की तिला भिंतीपासून दूर ढकलायला भिंतीच्या आत उभं राहावं लागेल, म्हणजे ती आता फक्त भिंतीच्या कडेकडेने सरकणार. त्या कडेवर खुणेचं घर असेल किंवा भिंतीत कुठे तोंड उघडं असेल तर ठीक. दोन्ही नसेल तर पेटी कोपऱ्यात न जाताही गेली. तिसरा प्रकार नवख्यांना दिसतच नाही: भिंतीलगत दोन पेट्या शेजारी शेजारी. पहिलीला दुसरीच्या दिशेने ढकलता येत नाही, कारण एका वेळी एकच सरकते. उलट दिशेला ढकलायचं तर दुसरी जिथे आहे तिथेच उभं राहायला हवं. दोघी एकमेकींना जखडून बसतात. दोन्ही खुणेच्या घरांवर असतील तर काहीच बिघडत नाही, नाहीतर लेव्हल तिथेच संपते. चार पेट्यांचा चौकोन झाला तरी हेच होतं, मग तो अगदी मैदानाच्या मधोमध का असेना.

तुझ्या लेव्हलमध्ये डाव्या बाजूला वरून खाली येणारी एक अरुंद वाट आहे. ती लांब बोळाला मिळते. वरची पेटी या वाटेने खाली आणताना बोळाच्या ओळीत बरोबर थांबवायची. एक घर जास्त गेली तरी वाचते, कारण खालच्या बाजूने वळसा घालून तिला पुन्हा वर ढकलता येतं. दोन घरं जास्त गेली की थेट कोपरा. पेटी ओळीत थांबली की तू तिच्या वर असतेस आणि तुला हवी असते तिची डावी बाजू. त्यासाठी पुन्हा वर जाऊन डावीकडच्या वाटेने उतरायचं. तो वळसा मोकळा ठेवलास तरच पुढचं जमतं. तिथे एखादी पेटी ‘तात्पुरती’ ठेवलीस की अडलीस.

पेटीला वळण द्यायला जागा लागते, आणि ती किती लागते हे मोजता येतं. उजवीकडे ढकलत आणलेली पेटी वर न्यायची असेल तर तुला तिच्या डावीकडून निघून तिच्या खाली यायचं आहे. म्हणजे तुझ्या खालचं घर आणि पेटीच्या खालचं घर, दोन्ही मोकळी हवीत. एक घर रुंदीच्या बोळात पेटी वळवता येत नाही ती याचमुळे.

आता उजवीकडची खोली बघ. ती चार घरं रुंद आणि तीन घरं उंच आहे. आतल्या दोन उभ्या रांगा खुणेच्या, अलीकडच्या दोन मोकळ्या, आणि बोळ मधल्या ओळीत येऊन मिळतो. मोकळ्या रांगा दोन का, एक का नाही? पेटी पहिल्या रांगेत असताना तू अजून बोळातच असतेस आणि पेटीने दार अडवलेलं असतं, त्यामुळे तिच्या खाली जाता येत नाही. ती दुसऱ्या रांगेत गेली की तू पहिल्या रांगेत येतेस, मग खाली, मग उजवीकडे, आणि तिथून पेटी वर सरकते. दुसरी रांग ही वळणाची जागा आहे. तिथे मधल्या ओळीत एक पेटी सोडून पुढची आणलीस, तर दोन पेट्या एकामागे एक उभ्या राहतील, तू बोळात अडकशील आणि खोली कायमची बंद. आपण जाऊ शकत नाही असा भाग पेट्यांनी कोंडला गेला की त्यात काय काय अडकलं आहे ते लगेच तपासायचं.

क्रम ठरवताना शेवटापासून मागे ये. सहाही पेट्या जागेवर आहेत असं समज आणि मनातल्या मनात एकेक ओढून बाहेर काढ. जी सहज बाहेर येते ती भरताना शेवटची, जी सर्वांत उशिरा निघते ती पहिली. पुढून विचार केला तर पहिल्या चालीलाच फांद्या फुटतात. मागून आलं तर बऱ्याचदा एकच वाट उरते. सर्वांत कमी ढकलींत ही लेव्हल ९७ ढकलींत सुटते, पण त्या आकड्याच्या मागे आत्ता लागू नकोस. आधी सुटू दे.

अन्डूबद्दल. तू एकेक पाऊल मागे घेतेस, तसं नको. अडलं की आधी मेलेली पेटी शोध, मग ती नेमकी कोणत्या ढकलीला मेली ते शोध, आणि तिथपर्यंत सलग मागे जा. अडचण जाणवते तो क्षण आणि ती जन्मते तो क्षण यांत पुष्कळ अंतर असतं. तुझ्या प्रोग्राममध्येही चूक ज्या ओळीवर दिसते तिथे ती झालेली असेलच असं नाही. चुकीची व्हॅल्यू कधी आत शिरली तिथपर्यंत मागे जावं लागतं. दिसलेल्या ओळीवर मलमपट्टी केली तर तीच चूक दुसरीकडून डोकं वर काढते.

हा खेळ खरोखर अवघड आहे, हेही सिद्ध झालेलं आहे. कॅनडातल्या अल्बर्टा विद्यापीठाच्या जोसेफ कल्बरसन यांनी १९९७ मध्ये दाखवलं की सोकोबान ‘पीस्पेस-कम्प्लीट’ आहे, म्हणजे संगणकशास्त्रातल्या अतिशय कठीण वर्गातला. त्याच विद्यापीठात तयार झालेल्या प्रोग्रामलाही तुझ्या संचातल्या ९० पैकी सगळ्या लेव्हल सुटल्या नव्हत्या. सगळ्या सोडवल्या त्या यारॉन शोहम आणि जोनाथन शेफर यांनी २०२० मध्ये मांडलेल्या पद्धतीने. त्या पद्धतीत प्रोग्राम ‘पेटी खुणेपासून किती दूर’ एवढंच बघत बसत नाही. भरण्याचा क्रम कितपत पुढे सरकला, माणसाला फिरायला पट किती तुकड्यांत तुटला आहे, खोल्या एकमेकींना जोडलेल्या आहेत का, कोणती पेटी वाट चुकून भलत्या जागी बसली आहे, असल्या गोष्टी तो तपासतो. हे वाचल्यावर मला फार आनंद झाला होता, कारण मुरलेला खेळाडूही पटाकडे असाच बघतो.

पुढच्या महिन्यात तुम्ही तिघी भाड्याच्या घरात जाणार आहात, तेव्हा यातलं बरंच काही जसंच्या तसं उपयोगी पडेल. घरं बघणं, मालकाशी बोलणं, पाणी किती वाजता येतं ते शेजाऱ्यांना विचारणं हे सगळं चालणं आहे. हवं तितकं करा. हॉस्टेलला खोली सोडल्याचं लेखी देणं, अनामत भरणं, भिंतीला ड्रिल मारणं ही ढकल. शेवटापासून मागे या: सामान हलवायला किल्ली हवी, किल्लीआधी लिव्ह अँड लायसन्स कराराची नोंदणी, नोंदणीला मालकाची आणि तुमची ओळखपत्रं आणि साक्षीदार, आणि सही करण्याआधी मसुदा नीट वाचलेला हवा. अनामत परत कधी मिळणार आणि रंगाचे पैसे कापणार का, ही कलमं नीट बघ. हॉस्टेलचं पत्र करार नोंदल्यावरच दे.

टेम्पो भरतानाही क्रम महत्त्वाचा. घरात सर्वांत आत जायचं ते सामान आधी उतरलं पाहिजे, म्हणजे टेम्पोत ते शेवटी चढलं पाहिजे. पलंग आणि कपाट आतल्या खोलीत पोचेपर्यंत पॅसेजमध्ये एकही खोका ठेवू देऊ नकोस. हमाल घाईत असतात आणि सगळं दाराशीच टेकवतात, तेव्हा एकीने दारातच उभं राहायचं.

कपाटाचं माप आधी घे. दाराच्या चौकटीची आतली रुंदी, जिन्याच्या वळणावरची जागा आणि आतल्या खोलीची उंची, तिन्ही लिहून ठेव. कपाट आडवं आत नेऊन उभं करताना त्याच्या उंचीपेक्षा जास्त जागा लागते, कर्णाएवढी. सात फूट उंच आणि दोन फूट खोल कपाटाला सुमारे सात फूट साडेतीन इंच लागतात. लॉफ्टखाली नेमकी सात-सव्वासात फूट उंची असेल तर ते लॉफ्टबाहेर, पंख्याचं पातं टाळून उभं करायचं आणि मग उभंच आत सरकवायचं. तेवढी जागा खोलीत मोकळी आहे ना, ते पलंग लावण्याआधी बघ.

पहिली लेव्हल सुटली की लगेच दुसरीला हात घालू नकोस, ती बरीच अवघड आहे. आधी डेव्हिड स्किनर यांचा मायक्रोबान हा संच घे. त्यात १५५ छोट्या लेव्हल आहेत, आणि एकेका लेव्हलमध्ये बहुधा एकच युक्ती असते. अडलीस तर स्क्रीनचा फोटो पाठव, आणि सोबत कोणती पेटी मेली आहे असं तुला वाटतं तेही लिही.

आईने घरांच्या यादीतल्या दुसऱ्या घराच्या स्वयंपाकघराला खिडकी आहे का, हे विचारायला सांगितलं आहे.

तुझा,
बाबा